पान एकतीस

१

भूखंड क्रमांक ८४ चा ठराव सहाव्यांदा पुढे ढकलला गेला तो एका मेलेल्या माणसामुळे.

आधीच्या पाच वेळची कारणे साधी होती. एकदा गणपूर्ती नव्हती. एकदा नकाशा जुन्या मापाचा निघाला. पावसाळ्यात जागेवर पाणी होते म्हणून पाहणी झाली नाही, आणि हिवाळ्यात पाहणी झाली तेव्हा अहवाल लिहिणाऱ्या अभियंत्याची बदली झाली. पाचव्या वेळचे कारण इतिवृत्तात नाही.

मागणी एवढीच होती की लिंबायत या कामगार वस्तीतल्या त्या मोकळ्या जागेवर खो-खोचे मैदान आणि त्याला लागून एक छोटे क्रीडागृह व्हावे. मागणी करणारे दगा बागुल, वय सदुसष्ट. चाळीस वर्षे लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवून थांबलेले. त्यांपैकी एकोणीस वर्षे ते रोज संध्याकाळी त्या जागेवरचे टेंपो हात जोडून बाजूला काढायला लावत आणि वस्तीतल्या मुलींना खो-खो शिकवत. पालिकेच्या नियमाप्रमाणे पाचशे स्थानिक मतदारांच्या सह्या असतील तर अशी जागा कायमची खेळासाठी राखता येत होती. दगाभाऊंनी या वेळी छापील, क्रमांक घातलेल्या चौतीस पानांवर सहाशे अकरा सह्या दिल्या होत्या.

२० फेब्रुवारीला बारा सदस्यांच्या समितीपुढे विषय आला. अध्यक्ष जयश्रीबेन मत घेणार, एवढ्यात शिपायाने एक पाकीट आणून ठेवले. पाठवणाऱ्याचे नाव नव्हते. आत पान एकतीसची झेरॉक्स होती आणि तिच्यातली चौथी ओळ लाल पेनाने अधोरेखित केलेली होती: राघो सोनवणे, सही, २ फेब्रुवारी. दुसरा कागद धुळे जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीने दिलेला मृत्यूचा दाखला होता. राघो सोनवणे ९ जानेवारीला वारला होता.

"नाममां ज दगो छे, बेन," समितीचे सदस्य किरीटभाई दगाभाऊंच्या नावावर कोटी करत गुजरातीत मोठ्याने म्हणाले. त्या जागेवर पार्किंग व्हावे म्हणून ते दोन वर्षे उघड भांडत होते. "हवे बाकी शुं रह्युं?"

हशा झाला. मागच्या बाकावरून दगाभाऊ उठले. "पानं सगळी मीच फिरवली. खोटं एक बी नही."

वॉर्डाचे नगरसेवक ललित पवार यांनी त्यांना हाताने खाली बसवले. ललित चौतीस वर्षांचे, मूळ गाव धुळे जिल्ह्यातले, मैदानाचे जुने समर्थक. "दगाकाका असं काही करणार नाहीत, मी लिहून देतो," ते म्हणाले. "पण डाग लागलाच आहे तर तो धुऊन निघू दे. चौकशी होईपर्यंत विषय थांबवू."

कोणी हरकत घेतली नाही. पुढची सभा १० मार्चला होती, आणि ती शेवटची होती. ३१ मार्चला समितीची मुदत संपत होती. त्यानंतर सगळे प्रलंबित विषय रद्द, आणि सह्या पुन्हा पहिल्यापासून.

चौकशीसाठी जयश्रीबेननी सुनंदा पेठे यांना बोलावले. चौसष्ट वर्षांच्या, वस्तीपासून लांब अडाजणला राहणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. एकतीस वर्षे त्यांनी चेकवरच्या सह्या तपासल्या होत्या, आणि लिंबायतमध्ये त्यांचे ना नातेवाईक होते ना मत. त्यांनी फाइल मागून घेतली. राघोची खरी सहीही त्यात सापडली. दोन वर्षांपूर्वीच्या एका सामूहिक अर्जावर, तो लिंबायतला राहत असतानाची. चाळीस मिनिटे सुनंदाबाई भिंगातून दोन्ही सह्या पाहत होत्या.

"खोटी आहे?" जयश्रीबेननी विचारले.

"जुन्या सहीशी जुळत नाही. पण खोटी सही अशी नसते. नक्कल करणारा माणूस थांबत थांबत काढतो, शाई साचते. आणि तो निदान मूळ सहीसारखी काढायचा प्रयत्न तरी करतो. इथे तसा प्रयत्नच नाही. एका दमात केलेली आहे. हा माणूस ही सही नेहमी करतो."

"मेलेला माणूस?"

"रोज करतो," सुनंदाबाई म्हणाल्या.

२

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता सुनंदाबाई भूखंडावर पोचल्या. चौदा-पंधरा मुली सराव करत होत्या.

"बँकवाल्या ताई ना? या. खुर्ची नही, विटांवर बसनं पडीन," दगाभाऊ म्हणाले.

"आप्पा, ही खो देत नाही, नुसती ढकलते!" एक मुलगी ओरडली.

"ढकललं का फाउल. आन तू उठली कशी खो मिळायच्या पहिले? बस खाली!"

सुनंदाबाईंनी झेरॉक्स उघडल्या. "दगाभाऊ, मी चौतीसही पानं वाचली. तेहतीस पानांवर प्रत्येक घरातल्या बाईची सही पहिली आहे. मग नवऱ्याची, मग बाकीच्यांची. असं का?"

"पोरीले मैदानात माय धाडते. बाप मागून हो म्हणतो. मग पहिली सही मायचीच."

"पान एकतीसवर एकही बाई नाही. अकरा पुरुष आहेत. घराचा क्रमांक नाही. अकराही सह्या एकाच पेनच्या, एकाच तारखेच्या. तुमचं एकेक पान भरायला तीन-चार संध्याकाळी लागल्यात. हे एका बैठकीत झालंय. आणि एकतीसनंतर फाइलीत एकदम तेहतीस नंबरचं पान आहे. बत्तीस कुठे आहे?"

दगाभाऊंनी गळ्यातली शिट्टी हातात घेतली. वाजवली नाही.

"खराब झालं असेल."

"पान एकतीस तुम्ही फिरवलेलं नाही."

"सगळी पानं मी फिरवली."

"ते तुम्ही सभेत सांगितलंत. आता मी विचारत्ये."

"आता बी तेच सांगतो."

"का?"

"ताई, मी एका माणसाला शब्द दिला होता, त्याचं नाव घेणार नही म्हणून."

"कोणाला?"

"ते सांगितलं तर शब्द कसला राहिला?"

"त्या शब्दापायी मैदान जाईल, दगाभाऊ. तुमच्यावर गुन्हाही दाखल होऊ शकतो."

"हां," ते म्हणाले आणि खांबाजवळ चुकीच्या तोंडाने बसलेल्या मुलीला वळवायला गेले.

३

किरीटभाईंनी सुनंदाबाईंना चहा दिला आणि स्वतः होऊन विषय काढला.

"मॅडम, मला पार्किंग पाहिजे. हे मी माइकवर बोलतो, बॅनरवर छापतो. त्या दिवशी माझ्याकडे चार मतं होती, त्यांच्याकडे आठ. मी हरणार होतो. असला कागद माझ्या हाती असता तर मी नाव झाकून कशाला पाठवू? उभा राहून वाचला असता. फोटो आला असता पेपरमध्ये."

"पण विषय थांबला तो तुमच्या फायद्याचाच झाला."

"थांबला, पडला नाही. एप्रिलमध्ये नवी समिती येणार, मग त्यांची पाहणी, त्यांचा नकाशा. तोवर मला पार्किंगही नाही. ज्याला वेळ पाहिजे त्याचा फायदा. मला वेळ नको, जागा पाहिजे."

सुनंदाबाईंनी दाखल्याची झेरॉक्स त्यांच्या पुढे ठेवली. किरीटभाईंनी मराठी मजकूर अडखळत वाचला आणि गावाच्या नावापाशी थांबले. "हे कुठे आलं? नाशिककडे?"

रिक्षात बसल्यावर सुनंदाबाईंनी मूळ दाखला पहिल्यांदा नीट उलटा करून पाहिला. समितीतल्या बाराही जणांनी पुढची बाजू वाचली होती. मागच्या बाजूला ग्रामपंचायतीचा फिकट शिक्का होता आणि नक्कल दिल्याची तारीख: २८ जानेवारी.

पान एकतीसवर सही झाली होती २ फेब्रुवारीला.

राघोने सही करण्याच्या पाच दिवस आधीच कोणीतरी तो मेल्याचा पुरावा काढून ठेवला होता.

४

पान एकतीसवरच्या अकरा नावांचे पत्ते मतदारयादीत होते. सुनंदाबाई दोन दिवस लिंबायतच्या गल्ल्यांतून फिरल्या. सहा घरे सापडली. सहाही घरांत एकच उत्तर मिळाले: माणूस आता इच्छापोरला, हजिरा रोडवरच्या एका लूमच्या कारखान्यात असतो, मत अजून इथेच आहे. राघोच्या जुन्या खोलीत दुसरे बिऱ्हाड होते. "ते लोक दिवाळीच्या आधीच गेले इच्छापोरले," शेजारीण म्हणाली.

म्हणजे पान एकतीस लिंबायतच्या कोणत्याही गल्लीत फिरलेच नव्हते. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला एका फाटकाच्या आत भरले गेले होते.

२७ फेब्रुवारीला दुपारी त्या इच्छापोरला गेल्या. कारखान्याच्या दारात उभे राहिले तरी लूमच्या आवाजाने कान बधिर होत होते. मास्टर, म्हणजे कारागिरांवर देखरेख करणारा माणूस, ओडिशाचा होता आणि डिसेंबरपासूनच कामाला लागला होता. त्याने हाताने खूण करून त्यांना पाण्याच्या टाकीजवळ नेले. तिथे थोडे ऐकू येत होते.

"राघो सोनवणे यहाँ काम करते थे ना?" सुनंदाबाईंनी विचारले. "वो कब से नहीं हैं?"

मास्टरला प्रश्न कळला नाही.

"नहीं हैं मतलब? अंदर है. बारह लूम उसी के पास हैं. बुलाऊँ?"

५

बाहेर आलेला माणूस चाळिशीचा होता. केसांत धाग्याचा भुगा, गळ्यात कारखान्याचे कार्ड. कार्डावर राघो सोनवणे असे नाव होते. फोटो तेलाच्या बोटांनी इतका पुसट झाला होता की तो कोणाचाही असू शकला असता.

सुनंदाबाईंनी त्याच्यापुढे वही आणि पेन धरले. "एक सही करा."

त्याने सवयीने केली. एका दमात. मग त्यांच्याकडे पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला.

"तुमचं खरं नाव?"

"सुकलाल," तो म्हणाला. मास्टर आत गेल्याची खात्री करून घेतल्यावर. "मॅडम, इथे नको. खोलीवर चला. बहीण शे मनी."

कारखान्यामागे पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती. कार्ड ज्याच्या नावाचे, खोली त्याची, असा तिथला रिवाज. कार्डवाला गेला की आठ दिवसांत खोली रिकामी. दार एका बाईने उघडले: प्रमिलाबाई, सुकलालची बहीण आणि राघोची बायको. कपाळावर ठसठशीत कुंकू होते. सुनंदाबाईंची नजर तिथे क्षणभर थांबली, आणि ती थांबलेली प्रमिलाबाईंनी पाहिली.

"लावणं पडतं, ताई," त्या हळू म्हणाल्या. "नही लावलं तर शेजारी इचारतील."

मागे पंख्याखाली एक मुलगी पुस्तकात डोके घालून बसली होती. गायत्री, बारावीत. परीक्षा परवाच सुरू झाली होती. तिने मान वर केली नाही.

हकीकत लांब नव्हती. लूमवरचा माणूस आजारी पडला किंवा गावी गेला की तो आपल्याच गावचा, आपल्याच नात्यातला माणूस बदली म्हणून लावतो. लूम जाऊ नयेत म्हणून. बदली कामगार त्याचे कार्ड घालतो, त्याच्या नावाने हजेरी देतो, त्याच्या नावाची सही करतो. कारखान्यात त्याला त्याच नावाने हाक मारतात. राघोला नोव्हेंबरात खोकल्याने धरले, तेव्हा सुकलाल आला. राघो गावी गेला आणि जानेवारीत तिथेच वारला. सुकलाल राघोच राहिला.

"पोरीचा शेवटचा पेपर सोळा मार्चले शे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तवर खोली राहू दे, एवढंच. मंग आम्ही जाऊ गावले. आम्हाले कोणाले फसवणं नव्हतं."

"त्या कागदावर सही का केलीत?" सुनंदाबाईंनी सुकलालला विचारले.

"मास्टरनी कागद आणला. बाहेरून अकरा नावांची यादी आली होती, लिंबायतला मत असणाऱ्यांची. एकेकाला हाक मारली. राघो म्हणून हाक मारली, मी गेलो. म्हणे मैदानासाठी शे, कर सही. नही कसं म्हणू? मी राघो नही असं मास्टरसमोर कसं सांगू?"

"राघो वारल्याचं गावाला ठाऊक आहे. पण कारखान्यात त्याच्या नावावर तुम्ही उभे आहात, हे कोणाकोणाला ठाऊक होतं?"

"आम्हा तिघांले. दुसरं कोणी नही. बाकीचे दहा कारागीर दुसऱ्या गावचे शेत, मागून आलेले, ते मालेच राघो समजतात."

"नीट आठवा. एकालासुद्धा सांगितलं नाहीत?"

प्रमिलाबाईंनी पदर हातात धरला. "गंधमुक्तीले एक जण आले होते," त्या म्हणाल्या. दुखवटा संपवायला नातलग आणि गावकरी जमतात तो दिवस. "आमच्याच गावचे. मोठा माणूस. मीच त्यांले बाजूला घेऊन सांगितलं, का भाऊ, परीक्षा होईपर्यंत कारखान्यात कळू देऊ नका, कोणी काही बोललं तर सांभाळा. त्यांनी गायत्रीच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणे, निश्चिंत ऱ्हा."

"नाव?"

"ललितभाऊ. तुमचे नगरसेवक."

६

ललित पवारांच्या ऑफिसात एसी होता. भिंतीवर बॅनर होता: 'भूखंड ८४, आमचा संकल्प'. ललितने खुर्ची पुढे केली.

"आओ मॅडम. काय निघालं? आमच्या काकांवरचा डाग गेला की नाही?"

"गेला. दगाभाऊंनी ते पान फिरवलंच नाही. ज्याने फिरवलं त्याने खोटी सहीही केली नाही. त्याला करावीच लागली नाही. त्याला फक्त माहीत होतं, की त्या कारखान्यात राघो म्हणून हाक मारली की एक माणूस उठून येतो आणि सही करतो."

ललितने टेबलावरचा मोबाइल पालथा ठेवला.

"ज्याने हे केलं त्याला राघो गेल्याचं ठाऊक हवं," सुनंदाबाई सांगत राहिल्या. त्यांचा आवाज बँकेतल्यासारखाच होता. "किरीटभाईंना ते गाव कोणत्या बाजूला आहे हेही ठाऊक नाही. शिवाय त्याला कारखान्यातला बदलीचा प्रकार ठाऊक हवा. दाखल्याची नक्कल २८ जानेवारीला काढलेली आहे, सहीच्या आधी. म्हणजे सही होणार याची त्याला खात्री होती. आणि त्याच्याकडे दगाभाऊंचा छापील कोरा कागद हवा. दगाभाऊंनी असे कागद एका माणसाला दिले, आणि त्याचं नाव न घेण्याचा शब्दही दिला. तो अजून पाळतायत. त्यांनी मला काहीही सांगितलेलं नाही."

"मग प्रश्नच मिटला."

"एक राहिलाय. पान बत्तीस कुठे आहे?"

"ते कोरंच होतं, मॅडम. फेकून दिलं मी."

बोलून झाल्यावर ते त्याच्या लक्षात आले. मग ललित हसला. वाईट हसू नव्हते ते. पत्त्यात हरलेल्या माणसाचे असते तसे होते.

"काकांनी दोन पानं दिली होती. मी म्हटलं, काका, माझी माणसं फिरवतील, पण माझं नाव नको, पक्षात अडचण होते. त्यांनी एकदाही का म्हणून विचारलं नाही." तो पुढे वाकला. "तुम्ही मला समजून घ्या. मी मैदानाच्या विरोधात नाही. एप्रिलपासून या समितीचा अध्यक्ष मी होणार, ते ठरलंय. मैदान मीच करणार. आज झालं तर जयश्रीबेनचं होतं. पुढच्या वर्षी निवडणूक आहे, मी लोकांना काय दाखवू? एक वर्ष, फार तर दोन."

"ते सदुसष्ट वर्षांचे आहेत."

"म्हणून तर. मैदानाला काकांचंच नाव देऊ की. मोठी पाटी लावू."

सुनंदाबाईंनी भिंतीवरच्या बॅनरकडे पाहिले.

"आणि गुन्हा?" त्यांनी विचारले. "त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला असता."

"मी होऊ दिला नसता. सभेत मीच सावरलं ना?" ललित मागे टेकला. "बरं, आता तुम्ही हे सगळं अहवालात लिहिणार."

"लिहिणार."

"मग कारखान्याचं नाव लिहावं लागेल. सुकलाल लिहावा लागेल. समिती खातरजमा करायला पत्र पाठवणार. मास्टरला कळणार. सभा दहा तारखेला आहे. मुलीचा शेवटचा पेपर सोळाला." त्याने दोन्ही हात उघडे केले. "लिहा, मॅडम. मी अडवत नाही."

७

८ मार्चला सुनंदाबाई दगाभाऊंच्या घरी गेल्या आणि सगळे क्रमाने सांगितले. दगाभाऊंनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. ललितचे नाव आले तेव्हा ते उठून मोरीत गेले, चूळ भरली आणि परत येऊन बसले.

"मुलीचे किती पेपर राहिले?" त्यांनी विचारले.

"तीन."

"अहवाल नही दिला तर काय होतं?"

"पान एकतीसचा उलगडा होत नाही. विषय पुन्हा थांबेल."

"आन मी ते पान मागं घेतलं तर? सहाशे अकरातून अकरा गेले, सहाशे राहिले. पाचशे लागतात."

सुनंदाबाईंनी हा हिशोब चार दिवसांपूर्वीच केला होता आणि तोंडातून काढला नव्हता. "नियमात बसतं," त्या म्हणाल्या. "पण लोक म्हणतील, चोरी पकडली म्हणून पान काढून घेतलं."

"म्हणतील."

"कायमचं म्हणतील, दगाभाऊ. मला अहवालात खोटं लिहिता येणार नाही. चूक नजरचुकीने झाली, असंही मी लिहिणार नाही."

"खोटं नका लिहू. थोडं लिहा." ते म्हणाले. "ललित्या शाळेत असताना पोरींसंगं माझ्याच हाताखाली खेळलेला शे. पळायचा चांगला. खो द्यायचाच नही कोणाला."

सुनंदाबाईंचा अहवाल तीन ओळींचा झाला. चौकशी पूर्ण झाली आहे. अर्जदार पान एकतीस मागे घेत आहेत. निष्कर्ष उघड करण्यास अर्जदाराची संमती नाही. तिन्ही वाक्ये खरी होती, आणि तिन्ही वाचून कोणीही दगाभाऊंनाच दोषी धरले असते. त्याच दिवशी त्यांनी ललित पवारांना चिठ्ठी पाठवली: 'दहा तारखेला विषय थांबला, तर सतरा तारखेला मी संपूर्ण अहवाल देईन.' विषय थांबला नाही तर काय, ते त्यांनी लिहिले नाही. प्रमिलाबाईंना निरोप दिला, की पान मागे घेतले आहे, मुलीला परीक्षा देऊ द्या. कोणी मागे घेतले, असे प्रमिलाबाईंनी विचारले. सुनंदाबाईंनी तेही सांगितले.

१० मार्चला ठराव आठ विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला. अनुमोदन ललित पवारांनी दिले.

"मेलेला माणूस कुठे गेला मग?" किरीटभाईंनी विचारले. "संमती नाही म्हणजे काय? कोणाची, भुताची?"

सगळे हसले. दगाभाऊ मागच्या बाकावर होते. त्यांनी आभार मानले नाहीत, कारण बोलायला उभे राहिले असते तर कोणीतरी पुन्हा हसले असते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन वाक्ये आली: मैदानाला मंजुरी मिळाली, आणि वादग्रस्त सह्या अर्जदाराने मागे घेतल्या. त्या आठवड्यात तीन मुली सरावाला आल्या नाहीत. त्यांच्या आयांनी पहिल्या सह्या केल्या होत्या.

१७ मार्चला सकाळी अकराला वॉर्ड ऑफिसच्या खिडकीपाशी एक बाई येऊन उभी राहिली. सोबत भाऊ होता आणि एक ट्रंक. खोलीची किल्ली आणि एक कार्ड त्यांनी सकाळीच इच्छापोरला मास्टरच्या हाती दिले होते. मुलगी बाहेर बाकावर बसली होती.

"दाखला पाहिजे की तक्रार आहे?" कारकुनाने न बघता विचारले.

"लिहून देणं शे."

"कशाबद्दल? मैदानाचा विषय असेल तर तो संपला."

"नही संपला," बाई म्हणाली.

कारकुनाने मान वर केली आणि एक कोरा कागद पुढे ओढला.

"मना मालक राघो सोनवणे वारनात," प्रमिलाबाई म्हणाल्या. "नऊ जानेवारीले. पहिले ते लिखा. मंग लिखा, ते पान दगाभाऊनी फिरवलं नही."